आपल्या मातीचे रोप : एका परिचित पुराव्याची छाननी

'उंच डोंगरावरील वनस्पती तेथील थंडीवाऱ्याशी अनुकूलित झालेल्या असल्यामुळे बुटक्या असतात,' अशा अर्थाचे एक वाक्य जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हमखास आढळते. वाक्य साधे आहे. मुलांना ते चटकन पटते, आणि परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्नही निघतो. मात्र ते नीट उलगडून पाहिले तर त्यात एक नव्हे, तीन विधाने एकमेकांत गुंतलेली दिसतात. पहिले विधान असे की, हा बुटकेपणा त्या वनस्पतीच्या बियांतूनच येतो, म्हणजे तो आनुवंशिक आहे. दुसरे असे की, त्या जागी बुटके असणे फायद्याचे आहे. तिसरे असे की, या फायद्यामुळेच बुटकेपणा घडवणारी जनुके तेथे पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. या तिन्ही विधानांना स्वतंत्र पुरावा लागतो. पहिले सिद्ध झाले म्हणून दुसरे सिद्ध होत नाही, आणि पहिली दोन सिद्ध झाली म्हणून तिसरे आपोआप पदरात पडत नाही.

रानातल्या एकाच जातीच्या वनस्पती निरनिराळ्या जागी निरनिराळ्या का दिसतात, याचा शोध गेली शंभरसव्वाशे वर्षे चालू आहे. त्यात काही फार सुंदर काम झालेले आहे. मात्र हे काम पाठ्यपुस्तकांत, लोकप्रिय लेखांत आणि कधीकधी खुद्द शोधनिबंधांतही ज्या तऱ्हेने सांगितले जाते, त्यात वर म्हटलेल्या तीन पायऱ्यांपैकी एखादी गुपचूप गाळली जाते. ती कोठे गाळली जाते हे दाखवणे हा या टीकालेखाचा हेतू आहे. शिक्षकांना याची गरज अधिक, कारण मुलांपुढे निष्कर्ष ठेवण्याचे आणि निष्कर्षापर्यंत जाण्याची वाट दाखवण्याचे, अशी दोन्ही कामे त्यांच्याकडेच असतात.

बोनिए यांचा दावा आणि त्याची तपासणी

सुरुवात फ्रान्सपासून करू. गास्तों बोनिए या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकापासून आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांवर एक सोपा पण कल्पक प्रयोग चालवला. एकाच रोपाचे दोन तुकडे करायचे, एक सखल भागात लावायचा आणि दुसरा उंचावर. दोन्ही तुकडे एकाच रोपाचे असल्यामुळे त्यांची आनुवंशिक घडण एकच. उंचावरचे तुकडे बुटके राहिले, त्यांची पाने लहान राहिली. येथवरचे निरीक्षण बरोबर होते. एकच रोप परिस्थितीप्रमाणे निराळे रूप घेते, या गुणाला आपण लवचीकपणा म्हणू. परंतु बोनिए येथे थांबले नाहीत. १९२० मध्ये त्यांनी जाहीर केले की, उंचावर लावलेल्या सखल भागातील काही जाती काही वर्षांत खरोखरच पर्वतीय जातींत रूपांतरित झाल्या. अमेरिकेत फ्रेडरिक क्लेमेन्ट्‌स यांनीही रॉकी पर्वतातील आपल्या प्रयोगांवरून असेच दावे केले. हे खरे असते, तर परिसर वनस्पतीला थेट घडवतो आणि ती घडण कायमची होते, असे मानावे लागले असते.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये गोटे ट्युरेसन यांनी उलट बाजूने प्रश्न विचारला. समुद्रकाठच्या वाळूत, कड्यांवर आणि रानात वाढणारी एकाच जातीची रोपे त्यांनी गोळा केली आणि ती सर्व एकाच बागेत, एकाच मातीत लावली. परिस्थिती सारखी केल्यावरही बरेच फरक टिकून राहिले. म्हणजे ते फरक केवळ परिस्थितीने घडवलेले नव्हते, ते आनुवंशिक होते. एका जातीतील अशा स्थानिक प्रकारांना ट्युरेसन यांनी १९२२ मध्ये 'इकोटाइप' हे नाव दिले आणि ते आजही वापरात आहे.

या दोन्ही पद्धती एकत्र आणून प्रश्नाचा नीट निकाल लावण्याचे काम कॅलिफोर्नियात झाले. हार्वे हॉल यांनी १९२० च्या दशकात तेथे रोपांच्या स्थलांतराचे प्रयोग सुरू केले होते. १९३२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर जेन्स क्लॉसेन, डेव्हिड केक आणि विल्यम हीसी या तिघांनी ते काम हाती घेतले. क्लॉसेन आनुवंशिकीचे जाणकार, केक वर्गीकरणाचे आणि हीसी वनस्पतींच्या शरीरक्रियेचे. असे निरनिराळ्या विद्याशाखांचे त्रिकूट त्या काळी दुर्मिळच होते. त्यांनी तीन प्रयोगवाटिका चालवल्या. पहिली समुद्रसपाटीजवळ, स्टॅनफर्ड येथे, सुमारे ३० मीटर उंचीवर. दुसरी सिएरा नेवाडा पर्वताच्या उतारावर, मॅथर येथे, सुमारे १४०० मीटरवर. तिसरी, जेथे झाडी संपते त्या वृक्षरेषेपाशी, सुमारे ३०५० मीटरवर. एकाच रोपाचे तुकडे तिन्ही वाटिकांत लावायचे आणि वर्षानुवर्षे मोजमाप करायचे, अशी त्यांची रीत. या कामाचे अहवाल १९४०, १९४८ आणि १९५८ या साली प्रसिद्ध झाले.

बोनिए यांच्या दाव्याचे पुढे काय झाले? या तिघांनी अनेक जातींवर प्रयोग केले, पण एका जातीची दुसरी जात झाल्याचे एकदाही दिसले नाही. उंचावर खुजे झालेले रोप पुन्हा खाली आणले की पूर्वीसारखे वाढे. बोनिए यांच्या वाफ्यांवर पुरेशी देखरेख नसल्यामुळे मूळ रोपे मरून त्या जागी आसपासची पर्वतीय रोपे आपोआप उगवली असावीत, असा तर्क मग केला गेला. या प्रकरणातून वर्गात सांगण्याजोगा एक बोध निघतो. प्रयोगाची मूळ कल्पना उत्तम असली, तरी वाफ्यात उभे असलेले रोप आपणच लावलेले आहे याची खातरजमा नसेल तर निष्कर्ष कोसळतो.

एका चित्राचे भाग्य

आता आमच्या मुख्य आक्षेपाकडे येऊ. १९४८ च्या अहवालातील एक चित्र जगभरच्या पाठ्यपुस्तकांत छापले गेले आहे. ॲकिलिया ही शेवंतीच्या कुळातील वनस्पती. तिला इंग्रजीत यॅरो म्हणतात. चित्रात खाली सिएरा नेवाडाचा उभा छेद दाखवला आहे आणि प्रत्येक उंचीवर त्या ठिकाणच्या ॲकिलियाचे एकेक रोप काढले आहे. पायथ्याकडची रोपे उंच, शिखराकडे जावे तशी बुटकी. चित्र पाहताच वाचकाला वाटते की, ही रोपे त्या त्या डोंगरउतारावर अशी वाढलेली दिसतात.

प्रत्यक्षात ती सारी रोपे स्टॅनफर्डच्या सखल वाटिकेत शेजारीशेजारी वाढवलेली आहेत. डोंगराचा छेद फक्त त्यांचे बी कोठून आणले ते सांगतो. चित्राचे सारे महत्त्व याच गोष्टीत आहे. परिस्थिती सारखी असूनही उंचीतला फरक टिकला, म्हणून तो आनुवंशिक आहे. चित्राखालची ही ओळ गाळली, की चित्र नेमक्या उलट गोष्टीचा पुरावा वाटू लागते. थंडीने रोपे खुजी झाली, असे मुले समजतात, आणि त्यांना तसे वाटले तर दोष त्यांचा नाही.

चित्रातली दुसरी गोष्टही लक्षात घ्यावी. प्रत्येक ठिकाणासाठी काढलेले एकच रोप हे सरासरीचे रोप आहे. मूळ अहवालात त्याच्या शेजारी एक आलेखही दिलेला आहे. त्या ठिकाणच्या बियांपासून वाढलेल्या अनेक रोपांची उंची किती वेगवेगळी होती, हे त्यात दिसते. एकाच ठिकाणच्या रोपांत इतका फरक आहे की शेजारच्या ठिकाणांचे आलेख एकमेकांवर चढतात. चित्राच्या पुढच्या आवृत्त्यांत हे आलेख पुष्कळदा गळाले, आणि वाचकांच्या मनावर ठसले ते 'एका जागेचे एक रोप'. वास्तविक नैसर्गिक निवडीला काम करायला हाच अंतर्गत फरक लागतो. तो पुसून टाकला, तर उत्क्रांतीचे इंधनच चित्रातून काढून टाकल्यासारखे होते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे चित्र फक्त पहिल्या विधानाचा, म्हणजे आनुवंशिकतेचा पुरावा आहे. बुटकेपणा उंचावर फायद्याचा आहे की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही. त्यासाठी रोपे उंचावर लावून तेथे कोण तगते, कोण बी धरते हे पाहायला हवे. या तिघांनी तेही केले. किनाऱ्याकडची रोपे वृक्षरेषेपाशी बहुधा पहिल्या हिवाळ्यांतच दगावली. उलट उंचावरची रोपे स्टॅनफर्डच्या सौम्य हिवाळ्यातही सवयीने झोपी गेली आणि मागे पडली. म्हणजे दुसऱ्या विधानाच्या बाजूने त्यांच्याकडे पुरावा होता. मात्र पाठ्यपुस्तकांनी उचलले ते नेमके दुसऱ्या विधानाबद्दल मौन पाळणारे चित्र, आणि त्याखाली नाव छापले 'अनुकूलन'.

मूळ कामाच्याही काही मर्यादा होत्या. वाफ्यांतील तण काढले जाई, त्यामुळे शेजारच्या गवताशी झगडण्याचा प्रसंग रोपांवर आला नाही. रोपे आधी वाढवून मग तुकडे करून लावली जात. त्यामुळे रानात जेथे सर्वाधिक मरणे होतात ती, बी रुजण्याची आणि कोवळ्या रोपाची अवस्था, परीक्षेतून सुटली. आयुष्यभरात किती बी धरले आणि त्यातून किती रोपे उभी राहिली, हा उत्क्रांतीचा खरा हिशोब पूर्ण मांडला गेला नाही. हे सांगताना आमच्या मनातील त्या कामाविषयीचा आदर कमी होत नाही. त्या काळच्या साधनांनी याहून जास्त करणे कठीण होते. तथापि मर्यादा सांगितल्याशिवाय एखाद्या कामाचा गौरव करणे म्हणजे त्याचा देव्हारा करणे होय, आणि विज्ञानात देव्हाऱ्याला जागा नाही.

जातिवंत रोप कोणते?

याच १९४८ च्या अहवालातील एक तक्ता मात्र फारसा कोणी छापत नाही, आणि आमच्या मते शिक्षकांनी वर्गात आवर्जून न्यावा तो हाच. ॲकिलियाची सात रोपे घेऊन प्रत्येकाचे तीन तुकडे केले आणि ते तिन्ही वाटिकांत लावले. प्रत्येक ठिकाणी सात रोपांचा उंचीप्रमाणे क्रम लावला, तर तिन्ही ठिकाणचे क्रम जुळत नाहीत. सखल भागात पुढे असलेले रोप मधल्या उंचीवर मागे पडते, दुसरे कोणी तेथे पुढे येते. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी आपल्या लिखाणातून या तक्त्याकडे वारंवार लक्ष वेधले. त्यांचा मुद्दा असा की, 'उंच वाढण्याचे जनुक' अशी भाषाच येथे फोल ठरते. कोठे, हे विचारल्यावाचून 'कोणाची जनुके चांगली' या प्रश्नाला अर्थ नाही.

याचा परिणाम वनस्पतींपुरता राहत नाही. जन्मजात गुणवत्तेविषयी समाजात जे सहज बोलले जाते, त्यालाही हा तक्ता प्रश्न विचारतो. एका परिस्थितीत लावलेला क्रम दुसऱ्या परिस्थितीत टिकेल, हे गृहीत धरता येत नाही. वर्गातील मुलांचे क्रमांक लावताना हे कोणाला आठवले, तर आम्हाला आनंदच होईल.

घरच्या मैदानाचा निकाल

दुसऱ्या विधानाची काटेकोर परीक्षा म्हणजे अदलाबदलीची लागवड. अ ठिकाणची रोपे ब ठिकाणी, ब ची अ ठिकाणी, आणि प्रत्येकाची आपापल्या घरीही. दोन्ही ठिकाणी घरचे रोप पाहुण्यापेक्षा सरस ठरले, तरच स्थानिक अनुकूलन झाले असे म्हणावे. एकाच ठिकाणी सरस ठरले, तर ते रोप सगळीकडेच जोमदार असू शकेल.

२००८ मध्ये रोझा लाइमू आणि मार्कुस फिशर यांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात ३२ जातींतील १०३२ जोड्यांची तुलना होती. ७१ टक्के ठिकाणी घरचे रोप पाहुण्यापेक्षा सरस ठरले. पण 'दोन्ही ठिकाणी घरचेच सरस' ही कडक कसोटी लावली, तेव्हा ती जेमतेम ४५ टक्के जोड्यांत उतरली. शिवाय हजाराहून अधिक फुलणारी रोपे असलेल्या मोठ्या समूहांत स्थानिक अनुकूलन जास्त आढळले, लहान समूहांत कमी. याचे कारण समजण्यासारखे आहे. लहान समूहात कोणते जनुक टिकेल हे निवडीइतकेच योगायोगावर ठरते.

म्हणजे रानातले प्रत्येक रोप आपल्या जागेला किल्लीकुलुपासारखे बसलेले असते, ही समजूत खरी नाही. अर्ध्याहून अधिक जोड्यांत ती कसोटीला उतरलेली नाही. तरीही रानातला कोणताही गुण दिसला की त्याचा उपयोग शोधून 'म्हणून तो तेथे आहे' असे सांगण्याची सवय सुटत नाही. स्टीफन जे गूल्ड आणि लेवॉन्टिन यांनी १९७९ मध्ये या सवयीवर कडक टीका केली होती. ती टीका आजही शिळी झालेली नाही.

जनुकापर्यंतची वाट

आता तिसरी पायरी. फरक आनुवंशिक आहे आणि फायद्याचाही आहे, असे ठरले तर तो कोणत्या जनुकांमुळे? १९५८ च्या अहवालात क्लॉसेन आणि हीसी यांनी पोटेन्टिला या गुलाबाच्या कुळातील वनस्पतीच्या सखल आणि उंचावरील प्रकारांचा संकर केला, आणि दुसऱ्या संकरित पिढीतील पाचशेहून अधिक रोपांचे तुकडे तिन्ही वाटिकांत लावले. मेंडेलच्या वाटाण्याप्रमाणे तीनास एक असे सरळ प्रमाण निघाले नाही. आजोबांपासून आजीपर्यंत सर्व मधल्या छटांची रोपे दिसली. याचा अर्थ, बहुतेक गुण अनेक जनुकांनी मिळून घडवलेले होते. ती जनुके गुणसूत्रांवर नेमकी कोठे आहेत, हे सांगण्याचे साधन त्या वेळी नव्हते.

ते साधन पुढे आले. गुणसूत्रांवरील खुणा ओळखता येऊ लागल्या आणि संकरित रोपांत कोणती खूण यशाबरोबर जाते हे पाहणे शक्य झाले. मात्र येथेच तिसरी गफलत सुरू होते. खूण जनुकाच्या शेजारी असते, ती म्हणजे जनुक नव्हे. एका खुणेच्या आसपास शेकडो जनुके असू शकतात.

कॅलिफोर्नियातील मिम्युलस या रानफुलाचे उदाहरण पाहा. तांब्याच्या खाणींच्या परिसरात, जेथे माती विषारी झाली आहे, तेथे या फुलाचे तांबे सोसणारे प्रकार वाढतात. कॉपरोपोलिस गावाजवळच्या खाणींतील या रोपांचा दुसऱ्या एका ठिकाणच्या रोपांशी संकर केला, तर काही संकरित रोपे मरतात. १९८३ मध्ये मार्क मॅकनेअर आणि पी. क्रिस्टी यांनी म्हटले की, तांबे सोसण्याचा गुण आणि हे मरण एकाच जनुकाचे परिणाम असावेत. अनुकूलनातूनच नव्या जाती वेगळ्या होऊ लागतात, याचे हे देखणे उदाहरण ठरले. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, अधिक बारकाईने तपासणी झाली तेव्हा आढळले की ती दोन वेगळी जनुके आहेत. ती गुणसूत्रावर इतकी जवळ आहेत की तांबे सोसणाऱ्या जनुकाची निवड होताना दुसरे त्याच्याबरोबर ओढले गेले. एस.टी.त बसलेल्या माणसाबरोबर त्याची पिशवीही गावाला पोहोचते, पण म्हणून तिकीट पिशवीने काढले असे होत नाही.

याच फुलाचे दुसरे उदाहरण. समुद्रकाठचे प्रकार बहुवर्षायू आहेत, तर आतल्या कोरड्या भागातील प्रकार एकाच हंगामात लवकर फुलून, बी धरून उन्हाळ्याआधी मोकळे होतात. २०१० मध्ये डेव्हिड लाउरी आणि जॉन विलिस यांनी दाखवले की, या फरकामागे गुणसूत्राचा उलटा बसलेला एक मोठा तुकडा आहे. तो तुकडा संकराने एका प्रकारातून दुसऱ्यात नेऊन, रानात लावून, त्याचा परिणाम त्यांनी मोजला. काम भक्कम आहे. पण उलट्या तुकड्यातील जनुके एकत्र बांधल्यासारखी वारशाने जातात. त्यामुळे त्यातील नेमके कोणते जनुक महत्त्वाचे, हे केवळ या प्रयोगावरून ठरत नाही. वृत्तपत्री भाषेत अशा कामाचे 'दुष्काळाचे जनुक सापडले' होते, तेव्हा शिक्षकाने तेथेच थांबून प्रश्न विचारावा.

आजकाल शेकडो रोपांच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन करून, हवामानाबरोबर ज्यांचे प्रमाण बदलते ती जनुके 'अनुकूलनाची' म्हणून यादीत घालण्याची प्रथा पडली आहे. या पद्धतीने सुगावे लागतात, हे खरे. पण उत्तरेकडची रोपे एकमेकांची नातलग असल्यामुळेही त्यांची जनुके सारखी असू शकतात, आणि उत्तरेकडे थंडीही असते. नाते आणि हवामान यांची सांगड अशी असली, की नुसत्या जुळणीवरून कार्यकारण ठरवता येत नाही. रोवन बॅरेट आणि होपी होक्स्ट्रा यांनी २०११ मध्ये हाच इशारा दिला. जनुकात निवडीची खूण दिसणे, त्या जनुकाने गुण बदलणे आणि त्या गुणाने रानात फायदा होणे, हे तीन दुवे वेगवेगळे जोडून दाखवावे लागतात.

साखळी पूर्ण करणारे एक काम

केवळ दोष दाखवून थांबणे योग्य नव्हे. ही साखळी पूर्ण जोडता येते, आणि जोडली गेली आहे. मोहरीच्या कुळातील अरबिडोप्सिस या चिमुकल्या रानटी वनस्पतीचे दोन समूह, एक मध्य इटलीतला आणि एक स्वीडनमधला, योन ओग्रेन आणि डग्लस शेम्स्के यांनी अभ्यासासाठी निवडले. पाच वर्षे दोन्ही ठिकाणी अदलाबदलीची लागवड करून २०१२ मध्ये त्यांनी दाखवले की, घरचे रोप दोन्हीकडे सरस ठरते, मात्र हा फायदा वर्षागणिक कमीजास्त होतो. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने संकरित वाणांच्या साहाय्याने यशाशी निगडित असलेले गुणसूत्रांचे भाग शोधले. ते तुलनेने थोडे होते. त्यांतील काही भागांत एका देशातला फायदा म्हणजे दुसऱ्या देशातला तोटा, असा उघड व्यवहार दिसला.

त्यांपैकी एका भागात सीबीएफ-२ नावाचे जनुक आहे. थंडीची चाहूल लागताच हे जनुक रोपाला गोठण सोसण्यासाठी सज्ज करते. स्वीडनच्या रोपांत ते कार्यक्षम आहे, इटलीच्या रोपांत निकामी. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात या जनुकाचा परका प्रकार घरच्या रोपांत आणून दोन्ही देशांतील मूळ जागी पाच वर्षांचा हिशोब केला गेला. परक्या प्रकारामुळे स्वीडनमध्ये रोपांचे यश १० टक्क्यांहून अधिक घटले, मुख्यतः रोपे मेल्यामुळे. इटलीत ते २० टक्क्यांहून अधिक घटले, मुख्यतः बी कमी धरल्यामुळे. हा परिणाम शेजारच्या जनुकाचा नाही याची खात्री करण्यासाठी प्रयोगशाळेत नेमके हेच जनुक बदलूनही पाहिले. येथे तिन्ही विधानांना स्वतंत्र पुरावा आहे. जेथे थंडी नाही तेथे थंडीची तयारी हा नुसता खर्च, ही गोष्ट तर्काने पूर्वीही सांगता आली असती. पण तर्काने सांगणे आणि मोजून दाखवणे यांत मधली सर्व वर्षे गेली.

मात्र हेही लक्षात ठेवावे की, हे एका जातीतील दोन समूहांपुरते आणि एका ठळक जनुकापुरते उत्तर आहे. ज्या गुणांमागे बारीकसारीक परिणामांची पुष्कळ जनुके असतात, ती या जाळ्यात सापडत नाहीत. सापडलेले जनुक ठळक आहे, म्हणून निसर्गातली सर्व अनुकूलने ठळक जनुकांनीच होतात, असे म्हणणे चूक ठरेल.

हे कशासाठी जपायचे?

हा सगळा काथ्याकूट केवळ पंडितांचा आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. उजाड टेकडीवर पुन्हा झाडी उभी करताना बी कोठले आणायचे, हा अगदी व्यवहारातला प्रश्न आहे. 'स्थानिक तेच उत्तम' हा नियम सरसकट खरा नाही, हे वरच्या आकड्यांवरून दिसते. उलट 'कोठलेही बी चालते' हेही खरे नाही. त्यातच हवामान बदलत आहे. २०१४ मध्ये ॲमिटी विल्चेक आणि सहकाऱ्यांनी युरोपात वेगवेगळ्या ठिकाणी अरबिडोप्सिसचे साठवलेले वाण लावून पाहिले. त्यांत स्थानिक वाणांपेक्षा अधिक उबदार प्रदेशांतून आलेले वाण सरस ठरल्याचे आढळले. परिसर पुढे सरकला आणि रोपांची जनुके मागे राहिली. म्हणजे अनुकूलन हा एकदा मिळवून कायम राहणारा दाखला नाही. ज्या हवेत निवड झाली, त्या हवेशी ते बांधलेले असते. म्हणूनच रोपवाटिकेत प्रत्येक बी कोठून आले याची नोंद ठेवणे महत्त्वाचे आहे. ती नोंद नसेल, तर दहा वर्षांनी झाडे का जगली किंवा का मेली, हे कोणालाच सांगता येणार नाही.

वर्गात यातला बराच भाग करून पाहता येतो. पानफुटीचे एक रोप घ्यावे. तिच्या पानांच्या कडांवर फुटणारी रोपे आनुवंशिक दृष्ट्या मूळ रोपासारखीच असतात. त्यांतील निम्मी उन्हात, निम्मी सावलीत वाढवावी, पानांची लांबीरुंदी मोजावी, मग जागा बदलून नवी पाने पुन्हा मोजावीत. हा बोनिए यांचाच प्रयोग, देखरेखीसह. दुसरा प्रयोग ट्युरेसन यांचा. एकदांडीचे बी पायवाटेवरील तुडवल्या जाणाऱ्या रोपांवरून आणि शेताच्या बांधावरील रोपांवरून वेगवेगळे गोळा करावे आणि सारख्या कुंड्यांत, सारख्या मातीत लावावे. फरक राहिला, तरी लगेच 'आनुवंशिक' म्हणू नये. सुपोषित आईचे बी भरदार असते आणि त्याचा परिणाम लेकरावर होतोच. म्हणून कुंडीतल्या रोपांचे बी धरून आणखी एक पिढी वाढवावी. फरक नाहीसा झाला, तर तेही उत्तरच आहे, आणि वहीत ते तितक्याच आनंदाने लिहावे. दोन्ही प्रयोगांनंतर मुलांना एकच विचारावे : तीनपैकी कितव्या विधानाला आपल्याकडे आता पुरावा आहे? पानफुटीच्या प्रयोगाने लवचीकपणा तेवढा दिसला. एकदांडीचा फरक दुसऱ्या पिढीतही टिकला, तर पहिले विधान हाती आले. दुसऱ्या विधानासाठी रोपे परत पायवाटेवर आणि बांधावर लावून बी मोजावे लागेल.

सुरुवातीचे वाक्य पाठ्यपुस्तकातून काढून टाकावे, असे आमचे म्हणणे नाही. ते पुढीलप्रमाणे लिहावे, एवढीच सूचना आहे : 'उंच डोंगरावरील काही वनस्पती बुटक्या असतात. त्यांचे बी सखल भागात लावूनही त्या बुटक्या राहिल्या, तर हा गुण आनुवंशिक आहे असे समजते. दोन्ही ठिकाणी अदलाबदल करून लावल्यावर घरचे रोप सरस ठरले, तर समूह आपापल्या जागेशी अनुकूलित आहेत असे म्हणता येते. हे कोणत्या जनुकांमुळे, ते थोड्याच उदाहरणांत माहीत झाले आहे.' वाक्याची चार वाक्ये झाली, परीक्षेच्या दृष्टीने ती अडचणीची आहेत. परंतु त्यांतले प्रत्येक वाक्य मुलाला स्वतः तपासून पाहता येईल किंवा कोणी तपासले ते विचारता येईल.